सावळेरामचे नऊ बाण

४

सावळेरामने फोटो दोनदा पाहिला. तिसऱ्यांदा पाहायची छाती झाली नाही.

काळा दगड. दगडावर लाल ऑइलपेंटचा बाण. बाणाखाली आकडा, चार. दगडाच्या खाचांत वाळलेला गाळ. आणि बाण त्याच्याच हातचा, यात शंका नाही. शेवटाला त्याचं मनगट वळतं, म्हणून शेपूट वाकडी येते.

फोटोखाली लेकीने लिहिलं होतं: "आबा!! खालून पण वाट आखलीय, आणि सांगितलं नाही? पाणी उतरलंय. आठजण आहेत सोबत. जुन्या गावापर्यंत जाऊन येते, आपल्या घराचं जोतं सापडतंय का बघते."

निरोप सकाळी सात पस्तीसचा. आता आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. फोन चार्जिंगला लावून तो तंबूंच्या मागे लाकडं फोडत बसला होता.

चुलीपाशी पाहुण्यांच्या भाकऱ्या थापणारी झुंबरबाई म्हणाली, "काय झालं? असं काय बघताय?"

"आरती खाली गेली."

"कुठं खाली?"

"गावात."

भाकरी तव्यावर तशीच राहिली. या नवराबायकोत 'गाव' म्हटलं की एकच गाव, धरणाच्या पाण्यातलं.

"कुणी नेलं तिला?"

सावळेरामने फोन लावला. आरती संपर्काच्या बाहेर होती. त्याने खुंटीवरचा दोर ओढला, कोयता कमरेला खोवला.

"अवो, कुणी नेलं तिला?"

"मी," तो म्हणाला, आणि पळाला.

१

पहिला बाण बेहड्याच्या झाडाखाली आहे. तिथे वाट फुटते. तिथवर पोचायला सावळेरामला वीस मिनिटं लागायची. त्या दिवशी किती लागली हे त्याला कधीच सांगता आलं नाही.

इथे थोडं मागे जावं लागेल. तो पळतोय, त्याला पळू द्या.

शिनोलीवरून भीमाशंकरकडे जाताना डाव्या-उजव्या अंगाला पाणी दिसायला लागतं, त्याच पाण्याच्या काठाला आरतीचे पाच तंबू. रस्त्यावर तिची पाटी: 'तलावाभोवती सहा पायवाटा. ना उकाडा, ना कडाका.' हवा तिथली खरंच तशी. माघातही दुपारी अंगाला चटका नाही आणि पहाटे हुडहुडी नाही. लोक शहरातून यायचे, चालायचे, भाकरी खाऊन जायचे. प्रत्येक वाटेवर बाण, प्रत्येक बाणाला आकडा, म्हणजे चुकलेला माणूस फोनवर सांगेल की मी सातव्यापाशी आहे. ही युक्ती आरतीची. हात सावळेरामचा.

गेल्या मे महिन्यात तो रंगाचा डबा घेऊन निघाला. बेहड्यापाशी आला. वर जाणारी वाट कातळावरून, नवी, पाणी आल्यावर पडलेली. ती आखायची होती. पण त्याचे पाय खाली वळले. डोक्यात आरतीचाच विचार होता, की पोरगी कळंबची चांगली नोकरी सोडून इथे आली, हे टिकेल ना. आणि पाय आपले चालत होते. दर दोनशे पावलांवर वाकायचं, बाण काढायचा, आकडा घालायचा. एक. दोन. तीन. पाणी आलं तेव्हा सावळेराम तिशीत होता. तीस वर्षं जी वाट पायाखाली होती तिला विचारावं लागत नाही.

नववा बाण काढून त्याने मान वर केली, तर समोर ओढ्याचं कोरडं पात्र, पलीकडे घरांची जोती. दुपार झाली होती. मेच्या उन्हाने गाळ विटेसारखा कडक झाला होता.

तो एकटाच खदखदून हसला. आणि मग त्याला लाज वाटली. साठीचा माणूस, ज्याला लोक वाटा विचारतात, तो घरी जाणाऱ्या वाटेने घरी निघाला होता!

परत येताना त्याने काय केलं? बेहड्याखालचा पहिला बाण शेणमातीने लिंपून टाकला. घराची भिंत लिंपतात तसा, नीट हात फिरवून. बाकीचे आठ तसेच सोडले. जूनमध्ये पाणी चढेल, पाणीच पुसेल. दुसऱ्या दिवशी त्याने वरची वाट आखली. आरतीला सांगितलं, एक दिवस जास्त लागला, ऊन लई व्हतं.

आता तो बेहड्याखाली उभा होता. पावसाने लिंपण धुऊन नेलेलं. पाण्याने एकही बाण पुसलेला नाही. पहिला बाण लालभडक, जणू सकाळीच काढलाय. काठोकाठ पाणी होतं तोवर त्या बाणाकडे कुणी वळलं नाही. आता खालच्या कालव्याला पाणी सुटलं होतं, आणि पंधरा दिवसांत तलाव मागे हटला होता.

हटला होता, पण गाळ वाळला नव्हता.

२, ३

पाहिले नाहीत.

४

फोटोतला. बाजूला बुटांचे ठसे. पुढचा ठसा आरतीचा; डावा पाय ती जरा फाकून टाकते. ठसा बोटभर खोल.

५

"काय आबा, ह्या वयात शर्यत?" टेकाडावरून गोरख ओरडला. त्याची गुरं वर चरत होती. "मागं काय वाघ लागलाय काय?"

"आणखी दोर हाय का तुझ्याकडं?"

"हाय की. कशाला?"

"आरती वढ्याकडं गेलीया. माणसं घिऊन."

गोरखचं हसू तोंडावरच राहिलं. "माझी म्हैस गेली तिथं?"

सावळेराम थांबला नव्हता.

मागच्या माघात गोरखची म्हैस ओढ्याच्या तोंडाशी गाळात उतरली होती. वरून साय धरल्यासारखी पापडी, त्यावर हिरवं गवत, जनावराला वाटलं कुरण. दिवसभर दहा माणसं ओढत होती. संध्याकाळी ओढायचं थांबवलं.

६, ७

इथे ठसे चार बोटं खोल. कडेने पाणी पाझरलेलं.

त्याला म्हैस आठवत होती. तो म्हशीला डोक्यातून हाकलत होता, ती परत येत होती, शिंगं वर, डोळे

८

आवाज ऐकू आले. माणसांचे. त्यात लेकीचा नव्हता.

९

आठही पाहुणे नवव्या दगडाभोवती दाटीवाटीने उभे होते. ओढण्या, जाकिटं एकमेकांना बांधून त्यांनी दोर केला होता आणि त्याचं टोक चिखलात पडलं होतं, तोकडं. एक बाई पुढे ओणवी होऊन परत परत तेच म्हणत होती, "आरती, माझ्याकडे बघ. माझ्याकडे बघ." ती वृषाली, आदल्या रात्री जिने झुंबरबाईकडून ठेच्याची कृती लिहून घेतली होती.

पंधरा पावलांवर आरती छातीपर्यंत गाळात होती.

क्षणभर सावळेरामला वाटलं, ही माझी पोरगी नव्हे. हे कुणीतरी अर्धंच माणूस ठेवलंय इथे. मग तिने मान वळवली.

"आबा," ती म्हणाली, अगदी हळू, जणू मोठ्याने बोललं तरी खाली जाईल. "मी बाण सोडला न्हाई. बाणाच्या सरळ रेषेत चालत व्हते. ह्या सगळ्यांना मागं ठेवलं, म्हटलं आदी मी बघते."

"बाण सरळच व्हता."

"मग?"

"मग काय न्हाई. गप. पाय झाडतीयास?"

"लई झाडलं."

"आता झाडू नको. मागं रेल. खाटंवर पडतीस तशी. हात पसर."

"बुडंन मी."

"उभी ऱ्हायलीस तर बुडशील. आडवी हो, आरते. माझं ऐक."

हे म्हणताना त्याचा आवाज फाटला. माझं ऐक! तेच तर केलं होतं तिने.

आरती त्याच्याकडे पाहत राहिली. मग डोळे मिटून मागे रेलली.

गोरख आला तो टणटणीच्या फांद्यांची मोळी घेऊनच. "पावणं, बघताय काय राव! वर जाऊन तोडा, मिळंल ते आणा!" तेव्हा पाहुणे हलले. फांद्या आल्या, पाठीवरच्या पिशव्यांतल्या चटया आल्या. सावळेरामने त्या पापडीवर अंथरल्या, कमरेला दोर बांधला, त्याचं टोक गोरखकडे दिलं आणि पोटावर पडून सरपटत निघाला. फांद्या खाली दबत होत्या. कोपराखाली गाळ थंडगार, वरची हवा मात्र कोवळी, उबदार, पाटीवर लिहिल्यासारखी.

तिच्या काखेतून दुसरा दोर घातला. ओढला नाही. म्हशीला ओढलं होतं. त्याने हाताने तिच्या भोवतीचा गाळ उकरला, मांडीपर्यंत हात घालून, ओंजळीने बाजूला केला. तो परत भरत होता, हा परत उकरत होता. त्याचा गाल तिच्या गालापाशी होता. ती थरथरत होती आणि तिच्या थरथरीने पापडी हलत होती.

"आबा, घर कुठं व्हतं आपलं?"

"आता कशाला इचारतीस?"

"दिसतंय का हितनं?"

त्याने पाहिलं नाही. "डावा पाय मोकळा कर. हळू. अंगठ्यापासनं."

पाऊण तास. डावा पाय आला. उजवा आला, बूट आत ठेवून. मग गोरख आणि आठजणांनी दोघांना एकदमच ओढलं, बाप-लेक चिखलाच्या एकाच लोळासारखे नवव्या दगडाला येऊन लागले.

१०

दहावा बाण नाही. असता तर त्याच्याही मागे ती

९

वृषालीने आरतीला पाणी पाजलं, तोंड पुसलं. मग वृषालीची भीती राग होऊन वर आली.

"हे बाण ज्यानं काढलेत ना, त्याला धरून पोलिसात द्यायला पाहिजे! माणसं येतात विश्वासानं. कोण आहे तो? आरती, कुणी काढलेत हे?"

आरती दगडाकडे पाहत होती. वाकड्या शेपटीकडे. गोरख पाण्याकडे पाहू लागला.

"मी," सावळेराम म्हणाला.

वृषालीचा हात बाटलीवर तसाच राहिला.

त्याने सगळं सांगितलं. मे महिना, बेहडा, वळलेले पाय, शेणमाती. सांगताना लेकीकडे पाहिलं नाही. गोष्ट एवढीशी होती, दोन मिनिटांत संपली. हसण्यासारखीच होती. कुणी हसलं नाही.

आरती म्हणाली, "त्याच दिवशी सांगायचं व्हतं."

"लाज वाटली."

"कशाची? मी हसले असते, आबा. फार तर काय झालं असतं? मी हसले असते."

आणि ती रडायला लागली, मोठ्याने, पाहुण्यांसमोर, लहानपणीही कधी रडली नव्हती तशी. सावळेरामने हात पुढे केला. तिने तो धरला नाही. ढकललाही नाही.

८

पाहुण्यांना गोरख वर घेऊन गेला. सावळेराम खाली बसला. कोयत्याच्या पाठीने नववा बाण ठेचून आला होता; आता आठवा. ऑइलपेंट दगडात मुरलेला. ठिणग्या उडत होत्या.

आरती गेली नाही. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, दोन हात अंतरावर उभी राहून बघत होती.

७, ६, ५

तेच.

४

इथे तिने फोन काढला. भिजून बंद पडला होता. "पावण्यांनी फोटो किती जणांना टाकला कुणास ठाऊक," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगावं लागंल."

"मी सांगतो."

"तुमीच सांगायचं."

३, २

हाताला फोड आले. तिने कोयता घेतला, चार घाव घातले, परत दिला.

१

बेहड्याखाली झुंबरबाई उभी होती. आरतीला पाहून तिने तोंडावर पदर दाबला, पण पुढे आली नाही. बापलेकींमधलं काहीतरी अजून चालू आहे हे तिला लांबूनच कळलं.

सावळेराम वाकला. पहिल्या बाणाचं टोक उडालं. मग त्याचा हात थांबला. नुसता लाल दांडा उरला होता, ना इकडे सांगणारा ना तिकडे.

"एवढं ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आता कुणाला काय कळतंय त्यातनं."

"मला कळतंय," आरती म्हणाली. "तेबी काढा."

त्याने कोयता उचलला.