नाटकाबाहेरचा नकार

आष्टीच्या बाजारापलीकडे भुजंगरावांचं सोयाबीनचं जुनं गोडाऊन होतं. रविवारी सकाळी तिथं असा काही गलका उठायचा की वाटसरूसुद्धा थबकून आत डोकवायचा. एका कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचे मुखवटे वाळत पडलेले, दुसरीकडे कुणी ढोलकीवर ताल धरलेला, आणि मधोमध उभा राहून अंगद ओरडत असायचा, "पोटातून बोला रे! पार मागं बसलेल्या म्हातारीला आइकू गेलं पाह्यजे!"

अंगद हा भुजंगरावांचा धाकटा भाऊ. नाटकाचं शिक्षण घेऊन तो शहरात राहिला नाही, गावी परतला. त्यानं आणि त्याची बायको सुरेखा हिनं मिळून गावातल्या मुलामुलींसाठी 'रंगओटा' ही संस्था काढली. तो नाटक शिकवी, सुरेखा गाणं आणि चित्रं. वडील गेल्यावर अंगदला भुजंगरावांनीच वाढवलं होतं. भावाच्या हौसेसाठी त्यांनी गोडाऊनही मोकळं करून दिलं होतं.

रंगओट्याचं नाव झालं ते बालविवाहावरच्या पथनाट्यामुळे. त्यातली नवरी व्हायची भुजंगरावांचीच थोरली लेक, राजनंदिनी; घरात तिला नंदू म्हणत. मंगलाष्टकं सुरू झाली की ती आंतरपाट दोन्ही हातांनी खाली ओढायची आणि असं काही "न्हाई!" म्हणायची की बघणाऱ्यांच्या अंगावर काटा यायचा. परतूरला, अंबडला, जालन्याला टाळ्यांचा कडकडाट झाला होता. पण गावातल्या कुणा टवाळानं तिचा तो व्हिडिओ काढला आणि त्याखाली एक फालतू गाणं लावून या फोनवरून त्या फोनवर फिरवला. गोडाऊनच्या दारावरून जाताना माणसं हसू लागली.

नंदूची दहावीची परीक्षा आटोपली त्याच आठवड्यातली गोष्ट. सुरेखा वर्गावरून घरी आली, तर चुलीवर पुरणाची डाळ शिजत होती आणि जाऊ उषाबाई घाईघाईनं वेलदोडे कुटत होती.

"आज काय सण हे, आक्का?"

उषाबाईनं मान वर केली नाही. "पावणे येऊन राह्यलेत. अंबडकडचे. नंदूला बघायला."

सुरेखाच्या हातातली पिशवी तिथंच गळाली. "आक्का, तिला आत्ता कुठं सोळावं लागलं!"

"माझं चौदाव्यात झालं. मेले का मी?" असं म्हणताना उषाबाईचा आवाज मात्र चिरका झाला. "तू अन् भाऊजींनी पोरीला चौकात उभी केली. आता लोक काय काय बोलून राह्यले, ते आइकायला आमीच."

त्या संध्याकाळी अंगद ओसरीवर भावापुढे बसला. सुरेखा दाराआड उभी राहून ऐकत होती. जो माणूस भर बाजारात हजार लोकांपुढे छाती काढून बोले, त्याचा आवाज आज दारापर्यंतही येत नव्हता. भुजंगरावांचा मात्र स्पष्ट ऐकू येत होता.

"मी तुला कदी कशाला आडवलं का? न्हाई ना? मंग माझ्या पोरीच्या मधी येऊ नको. उद्या काही बरंवाईट झालं, तर तुझी संस्था येणार हे का माझी इज्जत झाकायला?"

अंगद आत आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. "नुसता साखरपुडा हे म्हणतेत. लगीन मागून."

"आन् तुमचा इस्वास बसला?"

तो पाठ फिरवून सदरा खुंटीला अडकवू लागला.

सुरेखानं नंदूला गाठलं ते गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला. पोर अगदी शांत होती, आणि त्या शांतपणाचीच सुरेखाला भीती वाटली.

"नंदू, तुला पसंत हे का? खरं सांग."

"काकू, नाटकात मी न्हाई म्हणते, तव्हा लोक टाळ्या वाजवतेत. घरी म्हणले, तर आबानं जेवण सोडलं. काल दिसभर पाण्याचा थेंब घेतला न्हाई त्यांनी. आई रडून राह्यली, अर्पिता रडून राह्यली." अर्पिता ही तिची पाठची बहीण. नंदूनं चादरीची घडी नीट केली. "मंग मी हो म्हणले. तव्हा कुठं जेवले."

मारहाण असती, कोंडून ठेवणं असतं, तर ती भांडली असती. इथं एका बापानं उपाशी राहून लेकीची मान वाकवली होती, आणि ते सगळ्यांना माया वाटत होतं.

तिनं हेल्पलाइनला फोन करायचं ठरवलं, तेव्हा अंगदनं तिचा हात धरला. "जरा इचार कर. आबा गोडाऊनला कुलूप घालतील. एकबी बाप आपली पोरगी पाठवणार न्हाई. एवढ्या पोरी घरी बसतील. एका नंदूपायी सगळं मोडायचं का?"

"मंग ते नाटक कोणासाठी बसवलं व्हतं?" सुरेखानं विचारलं. "दुसऱ्याच्या पोरींसाठी?"

तिनं फोन केला.

हळदीच्या दिवशी दारात मांडव पडलेला असताना ग्रामसेवक, अंगणवाडीच्या ताई आणि पोलीस आले. साखरपुड्याचं ढोंग तिथंच उघडं पडलं. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असं भुजंगरावांकडून लिहून घेतलं गेलं. माणसं पांगली. हळदीची वाटी तुळशीच्या कट्ट्यावर तशीच राहिली.

भुजंगराव अंगणातच उभे होते. "फोन कोणी केल्ता?"

लग्न होऊन आल्यापासून सुरेखा त्यांच्यासमोर उभी राहून कधी बोलली नव्हती. ती पदर सावरून पुढे आली. "मी केल्ता, आबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते भावाला म्हणाले, "हिला घेऊन जाय. आत्ताच्या आत्ता."

गोडाऊनला कुलूप लागलं. अंगद-सुरेखा गावाच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत राहू लागले. पुढच्या रविवारी पोरींना बोलवायला सुरेखा दारोदार हिंडली. कुणी म्हणालं पोरगी मामाकडं गेलीय, कुणी म्हणालं तिला बरं नाही. एका घरातून तर आवाज आला, "सोताच्या घरात पोलीस घालणारी बाई, आमच्या घरात काय घालील?" अंगद खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. एकदा तो एवढंच म्हणाला, "बापाच्या जागी व्हते मला ते." निदान नंदू वाचली, हे ती स्वतःशी पुन्हापुन्हा म्हणायची.

मग एके सकाळी भुजंगरावांचा फोन आला. झालं गेलं विसरून जाऊ, म्हणाले. घरचे सगळे पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला निघालेत, तूही चल. अंगद लहान लेकरासारखा उठला. इस्त्रीचा सदरा घातला. सुरेखाला बोलावणं नव्हतं, तरी तिलाही बरं वाटलं. रक्ताचं नातं, कधीतरी जुळणारच. तिनं त्याला दारापर्यंत सोडलं.

तो परत आला तेव्हा ऊन कलत होतं. आल्या आल्या तो रांजणापाशी गेला आणि पाणी न पिताच तिथं टेकला.

"झालं का दर्शन?" सुरेखा जवळ आली. त्याच्या केसांत काहीतरी पिवळं अडकलेलं होतं. तिनं चिमटीत धरून काढलं. हळदीनं माखलेला तांदळाचा दाणा.

तिला क्षणभर उलगडा झाला नाही. झाला, तेव्हा ती दोन पावलं मागं सरली.

"रस्त्यात एका शेतात गाडी थांबवली," अंगद म्हणाला. "तिथं सगळी तयारी करून ठेवल्ती. मला काहीच म्हाईत नव्हतं, सुरेखा, आईची आण. आबानं माझ्या मुठीत तांदूळ दिले. नंदू माझ्याकडं बघून राह्यली व्हती. आंतरपाट धरला तव्हा... तिला वाटलं आसंल, काका आता तरी..."

"आन् तुमी अक्षता टाकल्या."

तो गुडघ्यांत डोकं घालून रडू लागला. सुरेखानं त्याला उगी केलं नाही. रडणं ओसरल्यावर ती म्हणाली, "ती आता सासरी हे. आज. तुमी हितं रडून राह्यलात आन् ती तिथं हे. उठा. जल्दी उठा."

"माझंबी नाव येईल. त्यासाठीच नेलं व्हतं मला."

"येऊ द्या."

पोलीस ठाण्यात अंगदनं फिर्याद दिली. लग्न कुणी लावलं, कुठं लावलं, कोण कोण हजर होतं, सगळं सांगितलं. हजर असणाऱ्यांत पहिलं नाव त्यानं स्वतःचं घेतलं. त्याचा आवाज बारीकच होता, पण या वेळी तो थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी नंदूला अंबडकडच्या त्या घरातून आणलं आणि जालन्याला बालकल्याण समितीपुढं उभं केलं. तिच्या हातात हिरवा चुडा होता. गालावरची हळद अजून पुरती निघालेली नव्हती. बाहेरच्या बाकावर भुजंगराव बसले होते. कालपासून त्यांनी पुन्हा अन्न सोडलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला उषाबाई ते सांगत होती. आत जाताना नंदू बापासमोरून गेली. ते हलक्या आवाजात म्हणाले, "बाळा, राजीखुशीनं झालं म्हन. तुझा बाप जेलात जाईल."

समितीच्या बाईंनी दार लोटलं, पण ते नीट लागलं नाही. फटीतून प्रश्न बाहेर ऐकू आला. तुझ्या मनानं झालं का हे लग्न? कुठं जायचंय तुला आता?

सुरेखा भिंतीला हात टेकून उभी होती. तिच्या मनात आलं, पोर पुन्हा हो म्हणेल. कुणी शिकवलंय तिला दुसरं? आपण तर फक्त लोकांपुढं बोलायला शिकवलं.

"न्हाई." आवाज कोरडा होता, त्यात नाटकाचा खणखणीतपणा अजिबात नव्हता. "माझ्या मनानं न्हाई झालं. मला सासरी न्हाई जायचं. घरीबी न्हाई जायचं."

बाकावर भुजंगरावांची मान खाली गेली. कुणी टाळी वाजवली नाही. सोळा वर्षांच्या पोरीला माहेर नको आणि सासर नको, म्हणून तिला बालगृहात पाठवण्यात आलं. जाताना तिनं सुरेखाकडे पाहिलं, पण जवळ आली नाही. अंगदकडे तर तिनं पाहिलंच नाही.

खटला उभा राहिला. भुजंगराव, नवऱ्या मुलाकडची माणसं आणि अंगद एकाच दिवशी एकाच कोर्टात तारखेला जाऊ लागले. भाऊ भावाशी बोलत नव्हता. गावानं सुरेखाशी बोलणं टाकलं. तिला वाईट वाटलं, पण गाव सोडायचं नाही हे तिनं पक्कं केलं. गोडाऊन नाही तर खोलीपुढचा अंगणाचा तुकडा आहे, असं म्हणून तिनं रविवारी तिथं सतरंजी अंथरली. कुणी आलं नाही. पुढच्या रविवारीही आलं नाही. तरी ती सतरंजी टाकून, ढोलकी घेऊन बसायची.

अशाच एका रविवारी उषाबाई आली. भर उन्हात, गावाच्या सगळ्या डोळ्यांदेखत, अर्पिताचं मनगट धरून. ती सतरंजीच्या कडेला उभी राहिली.

"त्यांना सांगून आले न्हाई. सांगीन घरी गेल्यावर," ती म्हणाली. "त्या दिशी आतून नंदू बोलली ना, तव्हा मला कळलंच न्हाई कोण बोलून राह्यलं. पोटची पोर, आन् मला तिचा आवाज वळखू आला न्हाई. हिचा तरी मला आधी आइकू दे, सुरेखा."

सुरेखानं बाजूला सरून जागा केली. अर्पिता टेकली. तिला गा म्हटलं, तर तिनं जे तोंडातल्या तोंडात पुटपुटलं ते सुरेखाला समजलं नाही.

"पुन्हा म्हण," सुरेखा म्हणाली. आणि उषाबाई परत न जाता तिथंच मातीत बसली, ऐकायला.