ज्युलियनच्या गाडीची डरकाळी

ज्युलियन फॅन्शॉने नवी गाडी घेतली तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घरी त्याच्याकडून कानात घालायच्या बोळ्यांची एक डबी आली. सोबत निरोप: रविवारी सकाळी माझ्या गाडीचा त्रास होईल, आधीच क्षमस्व. आम्ही लिंकनशायरची माणसं. ‘त्रास झाला नाही’ असं तोंडावर सांगणं आमच्यात असभ्य समजतात. रविवारी गाडी गेली, कुणाला काही ऐकू आलं नाही, आणि संध्याकाळी पबात सगळ्यांनी ‘चालायचंच हो’ म्हणून त्याला धीर दिला. माझ्या बहिणीला तर गाडी गेल्याचं कळलंच नाही, म्हणून तिचे बोळे काढायचेच राहिले. मेव्हणा बुधवारपर्यंत बोलत होता. तिच्या संसारातला तो सर्वांत सुखाचा आठवडा.

ज्युलियन न्हाणीघरं विकतो. नळ सोनेरी, आतून प्लास्टिक. माणूसही तसाच घडवलेला.

आता त्याला ही गाडी ट्रॅकवर न्यायची होती. जुन्या हवाई तळावर आमचा ट्रॅक आहे. पैसे भरले की दिवसभर आपली गाडी हवी तशी पळवा. पण आधी आवाज मोजून घ्यायचा. आकडा अठ्ठ्याण्णव डेसिबलच्या वर गेला की सरळ घरी. खाली राहिला तर तो कागदावर लिहून काचेवर चिकटवतात, आणि मग चहाच्या गाड्यापाशी जो तो दुसऱ्याची काच वाचत हिंडतो. अठ्ठ्याण्णवला टेकला तो वाघ. बाकीच्यांनी आपापल्या चहात बघावं.

ज्युलियनला घोर एकच: नापास झालो तर? गावभर आधीच सांगून ठेवलेलं. म्हणून पठ्ठ्याने आवाज दबावा यासाठी धुराच्या नळीत तारेचा बोळा ठासून आणला होता.

आवाज मोजते ग्लेनिस ऑडलिंग. एका हातात यंत्र, दुसऱ्यात बेकनचा पाव. पाव ती कुणासाठी खाली ठेवत नाही.

“चढव इंजिन, राजा.”

त्याने चढवलं.

“चढव की.”

“चढवलंय.”

ग्लेनिसने यंत्र झटकलं, पुन्हा नळीजवळ धरलं. “बहात्तर.”

“तुमचं यंत्र बिघडलंय.”

“मघाशी या म्हाताऱ्याच्या डबड्याचे सत्त्याण्णव आले,” तिने पाव माझ्याकडे रोखला. “तेव्हा तर ठणठणीत होतं.”

मग ज्युलियनने खाली वाकून, सगळ्यांदेखत, बोळा उपसून काढला. त्र्याहत्तर.

“फारच सुसंस्कृत गाडी,” रांगेतला मागचा म्हणाला. आमच्याकडे याहून घाण शिवी नाही.

“तुम्ही आत बसा,” ज्युलियन चिडून म्हणाला. “आत बसा आणि मग बोला.”

ग्लेनिस आत बसली. दार लावताच आत अशी डरकाळी फुटली की तिच्या पावातलं बेकन थरथरलं. ती बाहेर आली. शिवणयंत्र. परत आत गेली. वाघ. मग तिने दाराच्या आतल्या जाळीला कान लावला आणि बराच वेळ लावूनच ठेवला.

“राजा,” ती म्हणाली, “इंजिन नाही ओरडत. स्पीकर ओरडतोय. कंपनीच बसवून देते, मालकाला बरं वाटावं म्हणून. बंद करून दाखवू?”

“नको,” ज्युलियन म्हणाला. भर बाजारात कवळी काढायला सांगावी तसा त्याचा चेहरा झाला होता.

त्र्याहत्तरचा कागद काचेवर मिरवत तो ट्रॅकवर गेला. दोन फेऱ्या मुकाट मारल्या. तिसऱ्या फेरीला पाहतो तर चारही काचा खाली, आणि स्पीकर पार शेवटापर्यंत पिळलेला. मी काही वाढवून सांगत नाही: शेजारच्या शेतातल्या मेंढ्या खाली बसल्या त्या लोकर कातरायच्या दिवसापर्यंत उठल्या नाहीत. वळणावर आवाज टिपायला दुसरा मायक्रोफोन असतो. तो एकशे दोनवर गेला आणि काळा झेंडा फडकला. गाडी बाहेर काढा, असा त्याचा अर्थ. आजवर लोकांना तो इंजिनासाठी दाखवला गेला. स्पीकरसाठी ज्युलियन पहिला.

मला वाटलं, आता तोंड लपवील. तो तर नवरदेवासारखा उतरला.

“झेंडा मलाच ना?”

“तुलाच,” ग्लेनिस म्हणाली. “आज पुन्हा ट्रॅकवर यायचं नाही.”

“आवाजासाठी?”

“आवाजासाठी, राजा.”

त्याने चहाच्या गाड्याकडे वळून पाहिलं. “जरा मोठ्याने सांगता का?”

ग्लेनिसने पावाचा शेवटचा तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश, अगदी सावकाश चावत बसली.

पुढच्या शनिवारी गल्लीत पुन्हा डब्या आल्या, या वेळी मोठ्या. बहिणीने दोन मागून घेतल्या.