गरम असतानाच घालायची साखर

शुक्रवारी दवाखान्यातून फोन आला. माझ्या नवऱ्याची, हॉइटची, तीन महिन्यांची सरासरी शुगर वाढली होती. माझं डोकंच फिरलं. याच शुगरपायी गेल्या वर्षी त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापला होता. आता उजवा तरी सांभाळा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि गेले सात आठवडे मी त्यासाठीच जिवाचं रान करत होते.

करत होते म्हणजे चोरून करत होते. आम्ही अमेरिकेच्या दक्षिणेकडची माणसं, आमच्या घरात बर्फ घातलेल्या गोड, बिनदुधाच्या चहाची बरणी कधी रिकामी राहत नाही. सासूबाई गेल्या त्या दिवशीसुद्धा राहिली नव्हती. उकळत्या पाण्यात चहाच्या पिशव्या, कडवटपणा मरावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा, आणि गरम असतानाच दोन कप साखर. मग गार पाणी, मग बर्फ. हॉइटला हा चहा सोड म्हणण्यापेक्षा चर्च सोड म्हणणं सोपं. म्हणून मी न सांगता दर दोन दिवसांनी चमचाभर साखर कमी करत गेले. आता अर्ध्या कपावर आले होते. नवरा ब्र काढत नव्हता आणि मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होते. मग शुगर वाढली कशी?

रविवारी चर्च सुटल्यावर त्याची थोरली बहीण, मिस जुनेल, आमच्याकडे जेवायला आली. जाळीच्या पडवीत पंख्याखाली बसून तिने चहाचा पहिला घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“व्हॉन्सील, हे काय आहे गं?”

“चहा.”

“याला चहा म्हणतेस? भांडी विसळलेलं पाणी बरं. हॉइट, तू रोज हे पितोस?”

“मला तर नेहमीसारखाच लागतोय,” म्हणत हॉइटने आपला पेला घटाघटा रिकामा केला.

“आईने चाखला असता तर थडग्यातून उठून आली असती.”

“येऊ देत. कोंबडी उरलीय भरपूर,” मी म्हटलं.

मिस जुनेल गेली ती मान हलवतच. मी पेले विसळायला घेतले. हॉइटच्या पेल्याच्या तळाला बोटभर साखर बसली होती, ओली, कचकचीत.

माझ्या चहात साखर खाली बसत नाही. पन्नास वर्षांत कधी बसलेली नाही. गार चहात वरून साखर ओतून चमचा खडखडवत बसतात ती उत्तरेकडची माणसं, आणि हॉइट जन्मभर त्यांना हसत आलाय. खरं सांगते, मला आधी राग आला तो चहाचा. पायाची आठवण नंतर झाली.

पेला घेऊन मी पडवीत गेले. “कुठे ठेवतोस?”

“काय?”

“हॉइट.”

त्याने पँट वर केली. प्लास्टिकच्या पायावरच्या मोज्यात साखरेच्या पुड्या खोचल्या होत्या, तो मित्राबरोबर नाश्त्याला जातो त्या हॉटेलातल्या.

“म्हटलं, हा पाय कोण तपासतंय.”

मला हसू आलं. नको असताना आलं. “तुला कळलं कधी?”

“तिसऱ्याच दिवशी. पण तू एवढी चोरून चोरून करत होतीस, मला बोलवेना. आणि गारात ती विरघळत नाही गं. दाताखाली येते. फार वाईट लागतं.”

माझं हसू तिथेच विरलं. खोट्या पायात हा साखर लपवतो, तर खऱ्या पायात काय लपवत असेल?

“दुसरा मोजा काढ.”

“त्यात नाहीत पुड्या.”

“काढ म्हणते ना.”

त्याने हात हलवला नाही. मी खाली बसून स्वतः मोजा ओढला. करंगळी काळी पडली होती आणि काळेपणा तळव्यावर उतरला होता. वास येत होता.

“दुखत नाही?”

“दुखलं असतं तर सांगितलं असतं.” मग म्हणाला, “नसतं सांगितलं.”

“किती दिवस झाले?”

“दोन आठवडे.”

पाय रोज बघा, असं डॉक्टरांनी मला निक्षून सांगितलं होतं. मी बघितला नाही. त्याला वाटेल बायको पहारा करते, म्हणून टाळलं. त्यापेक्षा साखरेचा कप डोळ्यांसमोर धरून चमचे मोजणं मला सोपं वाटलं. मला माझीच लाज वाटली, आणि भीती त्याहून जास्त वाटली.

“उद्या जाऊ,” तो म्हणाला. “आज रविवार आहे.”

“आत्ता.”

“हाही कापतील, व्हॉन्सील.”

नाही कापणार, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण या घरात खोटं खूप झालं होतं. मी गाडीची किल्ली घेतली.

पडवीच्या पायऱ्यांवर मी त्याला आधार देऊ लागले, तर त्याने माझा हात बाजूला केला. “राहू दे. गाडीपर्यंत मी चालतो.”

मग तो आपल्या पायाने चालत निघाला. मीही त्याच्याबरोबर मुद्दाम हळू चालले.