खानावळ, मिश्र माध्यम

लोक कलासंग्रहालयात चित्रं बघायला येतात हा गैरसमज आहे. लोक येतात, पहिली दोन दालनं मन लावून बघतात, तिसऱ्यात त्यांचे पाय बोलू लागतात आणि चौथ्यात पोट. पाचव्या दालनात ते पहारेकऱ्याजवळ जातात आणि एखाद्या चित्राबद्दलच शंका असावी अशा चेहऱ्याने हळूच विचारतात, "इथे जवळपास जेवायला कुठे मिळतं हो?"

अभिप्रायाच्या वहीतलं एक पान, जसंच्या तसं:

अप्रतिम संग्रह. जेवायची सोय नाही.
दुसऱ्या मजल्यावरचं निळं चित्र बघून डोळ्यांत पाणी आलं. भूकही लागली होती.
जेवायची सोय नाही.
धाकटीने रडून गोंधळ घातला, साधं बिस्किट मिळेना. चित्रं चांगली असावीत.

संग्रहालयाचं स्वतःचं उपाहारगृह होतं, पण त्याचं छत गळायला लागल्यापासून तिथे फक्त बादल्या बसत. शेवटी संचालकबाईंनी ठरवलं की एक पत्रक छापायचं: जवळपास कुठे जेवाल. नऊ ठिकाणं, प्रत्येकाबद्दल चार ओळी, दाराशी फुकट वाटायचं. आणि हे काम कोणाला द्यायचं याचा विचार करायला त्यांना चहा संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. संग्रहालयात चार ओळी लिहिणारं एकच माणूस होतं.

तिला सगळे पाटीताई म्हणत. चित्राशेजारी भिंतीवर जी छोटी पाटी असते, जी वाचून लोक "हं" म्हणतात आणि पुढे सरकतात, ती लिहायची हे तिचं काम. एकोणीस वर्षं. तिच्या टेबलामागे तिनेच स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेला कागद होता:

शब्द चाळीस. एकही जास्त नाही.
स्तुती नाही. सुंदर की नाही ते बघणारा ठरवेल.
आज्ञा नाही. "बघा" नाही, "लक्ष द्या" नाही. बघणारा मोकळा असतो.
मत नाही. माहिती.

हे नियम तिच्या अंगात इतके मुरले होते की नवऱ्याने केस कापून येऊन "कसे दिसतात?" विचारलं तर ती म्हणे, "बाजूचे मागच्यापेक्षा आखूड." नवरा बिचारा एकोणीस वर्षं ते कौतुक समजून घेत आला होता.

तर पत्रक. आठ ठिकाणं तिने अर्ध्या तासात उरकली. "कॉफी, सँडविच. सकाळी आठपासून. चौकात, औषधांच्या दुकानाशेजारी." झालं. उरलं नववं, आणि खरं तर त्या नवव्यासाठीच तिने हे काम मुकाट्याने अंगावर घेतलं होतं.

नववी होती मामाची खानावळ. संग्रहालयाच्या मागच्या गल्लीत, बाहेर नाव नाही, काच धुरकट, आत आठ टेबलं. पाटीताईची आई गेल्यावर मामा-मामींनी तिला वाढवलं ते याच टेबलांवर. शाळेचा अभ्यास तिसऱ्यावर, जेवण जे रिकामं असेल त्यावर. आता सगळीच रिकामी असत. मामाने जागेच्या मालकाला सांगून टाकलं होतं की तीस तारखेपर्यंत बघतो, नाहीतर किल्ली घेऊन जा. मामा हे हवामान सांगावं तसं सांगत असे. मामी ते ऐकलं की भांडी जोरात घासत असे.

"चार शब्द चांगले लिही गं," मामी म्हणाली.

"चांगले शब्द लिहिता येत नाहीत, मामी. नियम आहे."

"कोणाचा?"

"माझाच."

"मग मोड की! तुझाच आहे तर!"

"मामी, उद्या कोणी म्हणेल, मामाची म्हणून डोक्यावर घेतली."

"मामाची आहे म्हणून मातीत घाल मग," मामी म्हणाली आणि पातेलं आदळलं.

मसुदा पहिला: इथला बटाट्याचा रस्सा. (खोडलं. पुढे जे येणार होतं ते मत होतं.)

मसुदा दुसरा: भूक लागली असेल तर. (खोडलं. बघणाऱ्याच्या पोटाबद्दल आपण गृहीत काय धरायचं?)

मसुदा सातवा: मामी (खोडलं.)

चार दिवस ती घासत होती. एकोणीस वर्षांत तिने राजांच्या, राण्यांच्या आणि डोकं नसलेल्या पुतळ्यांच्या पाट्या लिहिल्या होत्या, पण एवढा जीव कशातही ओतला नव्हता. पाचव्या दिवशी जमलं:

खानावळ. अंदाजे पन्नास वर्षांपूर्वीची. लाकूड, लोखंड, चिनी माती, वाफ. आठ टेबलं, एकतीस खुर्च्या. बत्तिसावी सापडत नाही. उत्तरेच्या भिंतीवरचा काळसर थर मूळचा असून तो काढलेला नाही. दुपारी बारा ते तीन दक्षिणेच्या खिडकीतून येणारा प्रकाश तिसऱ्या टेबलावर थांबतो. आजही रोजच्या वापरात आहे.

संचालकबाईंनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "हे तुमचं आजवरचं सर्वांत चांगलं काम आहे," त्या म्हणाल्या. पाटीताई दोन दिवस जमिनीवर नव्हती.

मागे छोटा नकाशा छापलेलं पत्रक सोमवारी वाटलं गेलं. मंगळवारी दुपारी ती मागच्या गल्लीत शिरली तर खानावळीबाहेर माणसं! ती जवळजवळ धावतच दाराशी गेली. आत तर पाय ठेवायला जागा नव्हती.

आणि आठही टेबलं रिकामी होती.

लोक भिंतींना लागून उभे होते. हात मागे बांधून. टेबलांपासून दोन पावलं अंतर राखून, जसं दालनात दोरीपासून राखतात. एक बाई उत्तरेच्या भिंतीसमोर मान कलती करून उभी होती. एक म्हातारे गृहस्थ ओठ हलवत खुर्च्या मोजत होते. एकोणतीसवर चुकले, पुन्हा पहिल्यापासून लागले. तिसऱ्या टेबलाभोवती अर्धवर्तुळ झालं होतं, उन्हाचा पट्टा पुढे सरकायची वाट बघत. कोणी मोठ्याने बोलत नव्हतं. स्वयंपाकघरातून रस्सा उकळल्याचा आवाज येत होता आणि एक तरुण डोळे मिटून तो ऐकत होता.

"वाफ," तो मैत्रिणीला कुजबुजला. "माध्यमात लिहिलंय बघ."

मामी हातात पळी घेऊन दारात उभी होती. "बसा ना," ती म्हणाली. "अहो, बसा! रस्सा आहे, भात आहे, पाव आत्ता आलेत."

लोक अदबीने हसले. एकाने तिचा फोटो काढला.

"किती छान सांभाळलंय तुम्ही," मान कलती केलेली बाई जाताना म्हणाली आणि बाहेर पडून चौकात सँडविच खायला गेली.

मामीने पाटीताईला कोपराला धरून आत ओढलं. "काय लिहिलंस तू?"

"माहिती."

"कसली माहिती? एकजण मला विचारून गेला, तुम्ही मूळच्या का! मी म्हटलं, मूळची म्हणजे? तर म्हणे, की नंतर बसवलेल्या!"

मामा स्टुलावर बसून कांदे सोलत होता. "गर्दी मात्र आहे हो," तो म्हणाला. "मेल्याच्या घरी असते तशी."

रोज तेच. बुधवारी चाळीसेक माणसं आली. गुरुवारी एक मास्तर अख्खा वर्ग घेऊन आले, मुलांनी वह्यांत टेबलं रेखाटली आणि डबे बागेत जाऊन खाल्ले. मामी सकाळी मोठं पातेलं चढवी आणि संध्याकाळी तिघं मिळून तो रस्सा खात. रविवारपर्यंत पाटीताईला रस्स्याचा वाससुद्धा नको झाला. तीस तारखेला नऊ दिवस उरले होते.

ती संचालकबाईंकडे गेली.

"एक ओळ बदलायची आहे. 'बसा आणि जेवा' एवढंच घालते."

"आज्ञार्थ?" संचालकबाईंनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिने चित्रावर बोट ठेवलं. "तुम्ही? तुम्हीच तर सगळ्यांना शिकवलंत."

"मग 'रस्सा चविष्ट आहे' घालू?"

"चव हे मत झालं."

"बाई, लोक जेवत नाहीयेत."

"पण बघताहेत! पहिल्यांदाच लोक संग्रहालयाबाहेर पडूनही बघताहेत. याचं श्रेय तुमचं आहे." आणि त्यांनी खूश होऊन आणखी दोन हजार पत्रकं छापायला सांगितली. वर गल्लीत गर्दी वाढल्याची तक्रार आली म्हणून खानावळीच्या दाराशी संग्रहालयाचा एक पहारेकरीही लावून दिला.

पाटीताई जिन्यावर बसली. तिने एकोणीस वर्षं लोकांना मोकळं सोडलं होतं आणि आता मोकळी सोडलेली ती माणसं मामाच्या भिंतीला टेकून उभी होती. ती नियम पाळत होती म्हणून मामाची किल्ली जाणार होती. हे तिला चाळीस शब्दांतसुद्धा कोणाला सांगता आलं नसतं.

पहारेकरी म्हणून आला तो खांब. हे त्याचं टोपणनाव. बावीस वर्षं पाचव्या दालनाच्या दाराशी उभा राहून त्याने ते कमावलं होतं. अंगात निळा गणवेश, छातीवर बिल्ला, पायात झिजलेले बूट, आणि वेळेचा इतका पक्का की त्याच्या येण्याजाण्यावरून लोक घड्याळ लावत. सोमवारी सकाळी तो खानावळीच्या दाराशी उभा राहिला. साडेबारापर्यंत उभा राहिला. मग त्याने आत डोकावलं.

त्याला काय दिसलं? टेबलं. खुर्च्या. भात.

खांब आत आला, अर्धवर्तुळातल्या लोकांना "जरा सरका, जरा सरका" म्हणत वाट काढली, तिसऱ्या टेबलाची खुर्ची खर्रकन ओढली आणि बसला.

खोलीत कोणीतरी श्वास आत ओढला.

"वहिनी," त्याने हाक मारली, "काय आहे आज?"

"रस्सा," मामी आतून म्हणाली.

"द्या. दोन पाव. आणि कांदा असला तर बरा."

ताट आलं. खांबाने पाव मोडला, रस्स्यात बुडवला, तोंडात घातला. हनुवटीवर ओघळ आला तो मनगटाने पुसला. चाळीस माणसं बघत होती. खांबाला त्याचं काही नव्हतं. बावीस वर्षं लोकांनी त्याच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं होतं, आता उलट होतं एवढंच.

म्हातारे गृहस्थ पुढे झाले. "माफ करा, इथे... बसायला परवानगी आहे?"

खांबाने त्यांच्याकडे वर बघितलं. तोंड भरलेलं होतं. त्याने फक्त समोरच्या खुर्चीकडे पाव रोखला.

गणवेशातल्या माणसाने पाव रोखला म्हणजे विषय संपला. म्हातारे बसले. त्यांच्या शेजारी त्यांची बायको बसली. मग वाफेवाला तरुण, मैत्रीण, मग सगळे एकदम, जशी शाळा सुटते. मामी पळी घेऊन धावत सुटली. मामाने कांदे सोलायचे सोडून ताटं लावायला घेतली आणि पहिल्याच खेपेला दोन फोडली.

दुसऱ्या दिवशी खांबाने तिसऱ्या दालनाच्या पहारेकऱ्याला आणलं. तिसऱ्या दिवशी पाच गणवेश आले. आता लोक दारातून आधी निळा रंग आहे का ते बघत आणि असला तर बिनधास्त खुर्ची ओढत.

पाटीताईने खांबाला गाठलं ते शुक्रवारी. "दादा, तुम्हाला वाटलं नाही की हे फक्त बघायचं आहे?"

"का वाटावं?"

"पत्रक वाचलं नाहीत?"

खांब अवघडला. "वाईट वाटून घेऊ नका पाटीताई. बावीस वर्षांत एकही पाटी वाचली नाही मी. माझं काम भिंतीकडे पाठ करून असतं."

तिने खिशातून पत्रक काढून त्याला वाचून दाखवलं. सगळे चाळीस शब्द. त्याने मान डोलावत ऐकलं.

"छान आहे," तो म्हणाला. "पण रस्सा झणझणीत आहे ते नाही आलं."

"ते नाही येत त्यात."

"मग कोण जेवायला येईल, ताई?"

तिने तो झणझणीतपणा आठवायचा प्रयत्न केला आणि लक्षात आलं की इतक्या वर्षांत आपण मामीला एकदाही बरं झालंय असं म्हटलेलं नाही. मीठ बेताचं आहे, असं म्हटलं होतं. दोनदा.

तीस तारखेला मालकाचा माणूस किल्ली घ्यायला आला. हातात कागद, बगलेत छत्री. दारात खांबाने त्याला अडवलं.

"बघायचं असेल तर डावीकडे उभे राहा. जेवायचं असेल तर उजवीकडे रांग."

"मी किल्ली घ्यायला आलोय."

"त्याची रांग नाही," खांब म्हणाला.

माणसाने आत बघितलं. आठही टेबलं भरलेली. मामाने लांबूनच दोन्ही हात हलवून "नंतर, नंतर" अशी खूण केली; त्याच्या दहाही बोटांना रस्सा लागलेला होता. माणसाने घड्याळ बघितलं, वास घेतला, कागद घडी करून खिशात घातला आणि उजवीकडे जाऊन उभा राहिला.

पाटीताई तिसऱ्या टेबलावर बसून हे बघत होती. तिच्यासमोर ताट होतं, अर्धं संपलेलं. मामी शेजारून जाताना तिने तिचा पदर धरला.

"मामी, रस्सा फार चांगला झालाय."

मामी थांबली. तिने पाटीताईच्या कपाळावर उलटा हात लावून बघितला. ताप नव्हता.

"झालाय ना? मग पटपट संपव आणि ऊठ," ती म्हणाली. "लोक खोळंबलेत."