पहिला वाडगा कुणाचा?

मी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची डेचकी बोलतेय. ओक्बुनबाईंनी मोकपो बंदराच्या बाजारातून मला आणलं तेव्हा मी आरशासारखी लखलखत होते. आता बूड काळं आणि एक कान तुटलेला. तरी या घरात गुपित सांभाळावं तर मीच. मला तोंड उघडायला कुणी सांगितलं नाही, एवढंच.

आमच्याकडे बाळंतिणीला समुद्री शेवाळाचं सार देतात. पुढे दर वाढदिवसाला तेच रांधायचं, आईने सोसलं त्याची आठवण म्हणून. माझ्यात ते पहिल्यांदा शिजलं ऐन उन्हाळ्यात, दारं-खिडक्या लावून. प्यायली ती जंगिम, ओक्बुनबाईंची शाळकरी मुलगी. बाहेर मात्र ओक्बुनबाईच पोटाला उशी बांधून कित्येक महिने बाजारात मिरवल्या होत्या. बाळाचं नाव दाओन ठेवलं आणि जंगिम तिची ताई झाली. अब्रू वाचली. अब्रूचं काय, ती उशीवरही भागवते.

एरवी या घरात पहिला वाडगा थोरल्या माणसाचा, म्हणजे ओक्बुनबाईंचा. पण दाओनच्या वाढदिवसाला त्या पहिला वाडगा गुपचूप जंगिमपुढे सरकवायच्या. जगाला फसवलेलं चालतं. बाळंतिणीच्या आधी सार प्यायलेलं चालत नाही. वर समज असा, की आता कॉलेजात शिकणाऱ्या दाओनला डोळे नाहीत.

काल संध्याकाळी टीव्हीवर सिनेमा लागला होता. त्यातली आई लेकीपासून काहीतरी लपवत होती. ओक्बुनबाई पदर नसल्याने बाहीला डोळे पुसत होत्या.

"अगं, सांगून टाक ना पोरीला," त्या पडद्यावरच्या बाईला म्हणाल्या. "काय दगडाच्या काळजाची माणसं असतात एकेक."

लसूण सोलणाऱ्या जंगिमचा हात थांबला.

"तिच्या घरची मोठी माणसं सांगू देत नसतील, आई," दाओन म्हणाली.

"शिकलीस म्हणून फार बोलू नकोस. सिनेमा आहे तो."

"हो ना. सिनेमात निदान शेवटी तरी सांगतात."

आज दाओनचा वाढदिवस. सकाळी तिनेच मला फळीवरून काढलं, शेवाळ भिजवलं, सार केलं. ओक्बुनबाईंनी सवयीने पहिला वाडगा भरला.

"हा कुणाचा?" दाओनने विचारलं.

"ताईचा. दमलीय ती."

"दर वर्षी याच दिवशी दमते?"

दाओनने वाडगा त्यांच्या हातातून काढून घेतला.

"आई, घे. गरम आहे तोवर."

दोघींनी माना वर केल्या. दाओन जंगिमकडे बघत होती.

जंगिमने वाडगा दोन्ही हातांत धरला. मग एक घोट घेतला आणि नाक ओढत म्हणाली, "मीठ कमी पडलंय, बाळा."

मला मोडीत काढायचं घाटतंय. खुशाल काढा. फक्त आज नको. माझ्या तळाशी अजून एक वाडगा सार आहे, ओक्बुनबाई मान खाली घालून बसल्यात, आणि तो त्यांना वाढायला अजून कुणी उठलेलं नाही.