गोगलगायींचा साप

अबेलार्दोचा थोरला भाऊ विल्मेर केळीचा घड उतरवताना साप चावून दगावला. तेव्हापासून अबेलार्दोला सापाची जात माहीत नव्हती, फक्त कोयता माहीत होता. डोंगरउतारावरच्या त्याच्या मळ्यात साप दिसला की मेलाच.

त्याची मुलगी यादिरा वेगळीच निघाली. अंधार पडला की कॉफीच्या झाडांवर दोरीएवढा बारीक, डोक्याने जाड, टपोऱ्या डोळ्यांचा साप उतरतो आणि शंखातून गोगलगाय अलगद ओढून खातो, हे तिने पाहून ठेवलं होतं. बापाला ती सांगायची, तो ऐकायचा नाही.

एका रविवारी तिच्या बाप्तिस्म्याचा धर्मपिता नेप्ताली जेवायला आला होता. चुलीवर कोंबडीचा रस्सा उकळत होता. अंगणात उतरवलेल्या केळीच्या घडातून तसलाच एक साप बाहेर पडला. यादिराने तो उचलून मनगटावर घेतला.

"बाबा, बघा तरी! चावत नाही हा. आपल्या भाजीवरच्या गोगलगायी हाच खातो."

नेप्ताली खो खो हसला. "काय रे अबेलार्दो, ज्याने भावाला खाल्लं त्याची पोरीने बांगडी केली की!"

अबेलार्दोच्या कानशिलांत रक्त चढलं. त्याने तिच्या मनगटावरून साप हिसकावला, जमिनीवर आपटला आणि कोयत्याने दोन तुकडे केले. त्या जिवाने साधा तोंडाचा आ सुद्धा केला नाही.

यादिरा आत निघून गेली. जेवलीही नाही. सकाळी दुधाच्या ट्रकमधून ती शहरात मावशीकडे गेली, तिथेच नोकरीला लागली. सणाला येते, पाहुण्यासारखी.

परवा वेलीला आधार बांधताना पानांच्या बेचक्यात तसलाच एक वेटोळं करून झोपलेला दिसला. अबेलार्दोचा हात कमरेच्या कोयत्याकडे गेला आणि तिथेच थांबला. बराच वेळ तो बघत राहिला. एवढंसं तोंड, याने माणूस कसा मारावा? मग घरी येऊन त्याने फोन लावला.

"पोरी, तुझा तो आलाय. गोगलगायीवाला."

पलीकडून तिने लगेच विचारलं.

"मारला?"

"नाही गं. झोपलाय, झोपू दिला."

"बरं केलंत."

त्याला अजून बोलायचं होतं. त्या रविवारचं. जिभेवर आलंही होतं.

"बाबा, आईला द्या ना फोन."

त्याने बायकोच्या, रोसाउराच्या हातात फोन दिला आणि दोघींचं हसणं ऐकत दारातच उभा राहिला.