आंटोन हुबरची पिन

“पिन आहे, श्रीरंग! जागच्या जागी आहे!” मायक्रोस्कोपवरून डोळा न हलवता मालिनी फोनवर ओरडली.

“अगं, मीटिंगमध्ये आहे मी. कसली पिन?” नवऱ्यानं विचारलं.

“विमानाची! एकोणीसशे तेराच्या! ठेव आता.” फोन तिनंच लावला होता, पण हे सांगायची सवड त्या बिचाऱ्याला मिळाली नाही.

त्या साली जर्मन सैन्याचं विमान बोडनझे तलावात कोसळलं आणि तरुण लेफ्टनंट बुडून मेला. सुकाणूची तार सुटली, असं चौकशीत ठरलं. खापर फुटलं मेकॅनिक आंटोन हुबरच्या माथी. म्हणे तारेच्या जोडाला पिन लावायला विसरला. पुढं जन्मभर तो गावात सायकली दुरुस्त करत राहिला. यंदा त्र्याण्णव वर्षांनी विमानाचा सांगाडा गाळातून निघाला आणि तारेचा जोड मालिनीच्या प्रयोगशाळेत आला. वीस वर्षं तुटकं लोखंड बघणारी बाई ती! पिन नीट बसवलेली होती, दोन्ही पाय वाकवून. फाटलं होतं ते शेजारचं कडं, कारण लोखंड ओततानाच त्यात धातूचा मळ राहून गेला होता.

“असं बघा, फ्राउ देवधर,” विमान बाहेर काढणाऱ्या संग्रहालयाचे प्रमुख फोग्ट म्हणाले, “फलकावर ‘कारण अनिश्चित’ लिहू. इतक्या वर्षांनी कशाला उकरायचं?”

“तळ्यातून उकरलंत तुम्हीच की! माझ्या नावानं लिहा. चुकलं तर मला धरा.” भीडभाड कशाशी खातात, हे मालिनीला माहीतच नव्हतं.

फोग्टनी मान डोलावली. पण हुबरची मुलगी हिल्डे एक्क्याण्णव वर्षांची होती. फलक लागेपर्यंत कोण थांबणार? त्याच दुपारी मालिनी तिच्या वृद्धाश्रमात पोचली.

कॉफीची वेळ होती. लांबलचक टेबलाभोवती सगळी गावातलीच म्हातारी माणसं. मालिनीनं हिल्डेपुढं पिनेचा फोटो ठेवला आणि हळूच सांगितलं, “तुमच्या वडिलांनी पिन लावली होती. लोखंडातच खोट होती.”

हिल्डेनं फोटो जवळ ओढला. “शाळेत मला ‘विसरभोळ्याची पोर’ म्हणायचे,” ती म्हणाली.

मग तिनं मान वर केली. “मोठ्यानं सांगा.”

मालिनीनं तिच्या कानाशी वाकून पुन्हा सांगितलं.

“मला नीट ऐकू येतं हो,” हिल्डे म्हणाली. “यांना ऐकू जाऊ दे.”

मालिनी उठून उभी राहिली. कपबश्या थांबल्या. हिल्डेनं स्वेटरचं वरचं बटण लावलं आणि ताठ बसली.